गृहस्थ आणि फौजदारी कायदा – लेखांक सातवा : रात्रीची घरफोडी

गेल्या लेखांकात देहरक्षणार्थ कायद्याने दिलेल्या मुभेचा विचार केला. आता मालमत्तेकडे वळले असता, घरात शिरलेल्या चोराचे वाटेल ते करण्याची सनद घरधन्याला मिळालेली आहे, ही जी समजूत चाळीच्या कठड्यापासून कचेरीबाहेरच्या बाकापर्यंत सर्वत्र ऐकू येते, तिच्यात तथ्य अर्धेच आहे, आणि तेही बहुतांशी रात्रीपुरते, हे प्रथम सांगितले पाहिजे.

भारतीय दंड संहितेच्या १०३ व्या कलमाने, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ४१ व्या कलमाने, मालमत्तेच्या बचावासाठी प्रसंगी प्राण घेण्यापर्यंतचा हक्क ज्या मोजक्या अपराधांत मान्य केला आहे, त्यांत जबरी चोरी आणि राहत्या घराला लावलेली आग यांच्या जोडीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी येते. त्यासाठी भिंतीला भगदाडच पडले पाहिजे असे नाही. कौले काढून, कुलूप उघडून किंवा न्हाणीघराच्या झरोक्यातून आत उतरलेला इसमही घरफोड्याच. उलट, भर दुपारी उघड्या दारातून येऊन फडताळातले घड्याळ उचलणारा भुरटा केवळ चोर होय. त्याला अडवावे, धरावे, गरजेपुरता चोपही द्यावा, परंतु त्याच्याकडून मृत्यूचे वा जबर दुखापतीचे वाजवी भय उत्पन्न झाल्यावाचून त्याचा जीव घेता येत नाही. हा भेद मला कृत्रिम वाटत नाही. काळोखात आलेल्याच्या हाती पहार आहे की नुसती पिशवी, हे अंथरुणातून उठलेल्या माणसाने कसे ओळखावे?

आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा, आणि धन, भूमी व स्त्री यांचे हरण करणारा, अशा सहा आततायांच्या वधाविषयी आपल्या स्मृतिकारांत व टीकाकारांत केवढे मतभेद होते, हे महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात विस्ताराने पाहावयास मिळते. दंड संहितेच्या १८३७ च्या मसुद्यात मेकॉले यांच्या आयोगाने मात्र, येथील रयत दरोडेखोरांपुढे फारच निमूटपणे मान तुकवते, तेव्हा तिच्या हक्कावर बंधने वाढविण्यापेक्षा तिच्यात धैर्य जागवावे, असा अभिप्राय दिला. परकीय सरकारने रयतेला प्रतिकाराचे धडे द्यावेत, यातला विनोद त्या काळी कोणाच्या लक्षात आला असेल काय?

तथापि बचावास अवश्य तेवढीच इजा करावी, ही मर्यादा दोन्ही संहितांत कायम आहे, आणि ती किती कडक आहे हे बिहारमधील एका खटल्यावरून कळते. शेजारच्या घरातील शौचकूपाची भिंत पडल्यामुळे तेथील बायका आरोपीच्या शौचकूपात जाऊ लागल्या. सांगून ऐकत नाहीत असे पाहून त्याने जाण्यायेण्याच्या वाटेवर उघडी तार ताणली आणि तीत विजेचा प्रवाह सोडला. सूचनेची पाटी नाही की काही नाही. एक स्त्री आत जाताना बचावली, बाहेर येताना तिचा हात तारेला लागला, आणि ती तत्काळ गतप्राण झाली. खासगी बचावाचा आधार घेऊन आरोपी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण १९६३ साली त्याचे अपील फेटाळले गेले; हयगयीने मृत्यू घडविल्याबद्दलची शिक्षा कायम राहिली. आगंतुक झाला म्हणून माणूस कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही, हे त्या निकालाचे सार. कुंपणात वीज सोडणाऱ्या आपल्याकडील बागाईतदारांनी तो अवश्य वाचावा.

तीच गोष्ट पकडलेल्या चोराची. रात्रीच्या घरफोडीतील हक्क गृहप्रवेश चालू असेतोवरच टिकतो. चोर परसाची भिंत ओलांडून पळाला की मुद्देमाल परत मिळविण्यापुरता बळाचा वापर करता येतो, प्राण घेता येत नाहीत. आणि त्याला धरून खांबाशी बांधल्यावर साऱ्या आळीने आळीपाळीने हात धुऊन घेणे, हा जो आपल्याकडील प्रघात, तो सरळ अपराधच आहे. हक्क सद्भावनेने बजावताना, पूर्वयोजना नसता, मर्यादा ओलांडून मृत्यू घडला तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो, एवढीच सवलत. सूड म्हणून मारणाऱ्याला तीही नाही.

बचाव शाबीत करण्याचा भार आरोपीवर असला तरी तो सरकारपक्षाइतका जड नाही; मुन्शी राम खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे संभाव्यतेचे पारडे आपल्याकडे झुकले म्हणजे पुरे. म्हणून वाकवलेले गज, तुटलेली कडी, पडलेली पहार यांना हात न लावता पंचनामा होऊ द्यावा, आणि फिर्याद नोंदविण्यास विलंब करू नये. शेजाऱ्याच्या घरासाठी धावून जाणाऱ्यालाही हाच हक्क पोचतो. त्याचा आणि रखवालदाराच्या परवान्याच्या बंदुकीचा विचार पुढील लेखांकात करू.