कोकरांच्या खुराकातील तांबे
(लेखांक सहावा)

मागील लेखांकात कॅल्शियम व फॉस्फरस या मोठ्या मात्रेत लागणाऱ्या खनिजांचा विचार झाला. तांबे, जस्त, कोबाल्ट, सेलेनियम, आयोडीन ही सूक्ष्म खनिजे मात्र शुष्क आहाराच्या, म्हणजे पाण्याचा अंश वगळलेल्या आहाराच्या, एका किलोमागे काही मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी लागतात. त्यांपैकी तांब्याच्या बाबतीत मेंढीची प्रकृती इतर जनावरांहून इतकी वेगळी आहे की त्याचा विचार स्वतंत्रपणे करणेच इष्ट ठरते.

पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यातील दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीपासून घोंगडी विणली जाते, आणि त्या लोकरीचा काळा रंग तयार करणाऱ्या विकराला, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, तांब्यावाचून काम करता येत नाही. म्हणून तांबे कमी पडले की काळी लोकर फिकट होते आणि तिची कुरळी घडण जाऊन ती तारेसारखी सरळ होते. गाभण मेंढीला ही उणीव भासल्यास जन्मलेल्या कोकराचे मागचे पाय लटपटतात, कारण मज्जातंतूंवरील आवरण गर्भातच अपुरे राहते. चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनीतील वनस्पती मॉलिब्डेनम अधिक शोषतात; ते कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, गंधकाशी संयोग पावून तांब्याला बांधून ठेवते, त्यामुळे चाऱ्यात तांबे असूनही ते अंगी लागत नाही.

 

वाढत्या कोकराची तांब्याची गरज साधारणतः किलोमागे ७ ते ११ मिलिग्रॅम असते. युरोपीय संघाने मेंढीच्या संपूर्ण खाद्यासाठी १५ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली आहे, मोठ्या गाईगुरांना मात्र ३० पर्यंत मुभा आहे. मेंढीचे यकृत जादा तांबे पित्तावाटे पुरेसे बाहेर टाकू शकत नाही, आणि दूधपित्या कोकरात तर त्याचे शोषण प्रौढ मेंढीच्या कितीतरी पट होते. त्यामुळे ज्या दावणीला म्हैस आणि मेंढरे शेजारी बांधली जातात, तेथे म्हशीसाठी आणलेले खनिज मिश्रण कोकरांच्या भरड्यात मिसळणे हा काटकसरीचा नव्हे, घाताचा मार्ग आहे. दुसरा धोका द्राक्ष व डाळिंबाच्या बागांत आहे, कारण तेथे फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील मोरचूद खालच्या गवतावर साचतो. मोरचुदात वजनाच्या सुमारे चतुर्थांश तांबे असल्याने त्याचे ४० मिलिग्रॅम पोटात गेले, तरी दिवसाला एक किलो शुष्क आहार घेणाऱ्या कोकराची सारी गरज भागते. पायखुरीसाठी मोरचुदाचे पाणी करून त्यातून मेंढरे चालवतात, ते पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवावे, हे वेगळे सांगायला नको असे वाटते. पण सांगावे लागते.

हे तांबे यकृतात आठवडेच्या आठवडे गुपचूप साठत राहते. पुढे लांबचा प्रवास, उपासमार किंवा चाऱ्यातील अचानक बदल यांचा ताण पडला की ते एकदम रक्तात उतरते, तांबड्या पेशी फुटतात, डोळ्यांत कावीळ दिसते, लघवी काळपट तांबडी होते आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकते. तोवर रक्तातील तांब्याची पातळी बहुधा सामान्यच राहते. म्हणून कळपात असा एक मृत्यू झाल्यास शवविच्छेदनात यकृताचा नमुना तपासून घ्यावा, संशयित खाद्य त्याच दिवशी थांबवावे, आणि उरलेल्या कोकरांना तांबे बांधणारे अमोनियम मॉलिब्डेट व सोडियम सल्फेट द्यायचे की नाही, हे पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे.