रोपांचे विषाणू, माणसांच्या लसी

भीमा आणि घोड नद्यांच्या काठच्या शिरूर व दौंड तालुक्यांत ‘व्हायरस आला’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर भेंडीवरील केवडा किंवा पपईची आखडलेली पाने असतात. आणि रोगट झाड उपटून टाकणे, विषाणू पसरवणाऱ्या मावा व पांढऱ्या माशीला आवर घालणे, यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नसते. लसशास्त्र मात्र याच वर्गातील विषाणूंकडे उपयुक्त वाहक म्हणून पाहते.

याचे मूळ कारण असे की, वनस्पतींच्या विषाणूंना माणसाच्या पेशींमध्ये वाढता येत नाही. मिरचीवरील एका विषाणूचे कण निरोगी माणसांच्या विष्ठेत विपुल प्रमाणात सापडतात, असे 2006 मध्ये दिसून आले. म्हणजे ठेच्यावर ताव मारणारा माणूस असे असंख्य कण नकळत पोटात घेत असतो. दुसरे कारण रचनेचे आहे. तंबाखूवरील मोझॅक विषाणू ही सुमारे 300 नॅनोमीटर लांबीची काडी असून तिच्या कवचात एकाच प्रथिनाच्या सुमारे 2,130 प्रती गोलाकार जिन्यासारख्या रचलेल्या असतात. या प्रथिनाच्या जनुकात रोगजंतूच्या प्रथिनाचा एखादा छोटा तुकडा सांकेतिक रूपात जोडला, तर तो तुकडा कवचावर असंख्य ठिकाणी उमटतो. आणि अशी नियमित पुनरावृत्ती दिसली की शरीराची प्रतिकारयंत्रणा ती चटकन ओळखून प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला जखडणारी प्रथिने, तयार करू लागते.

अमेरिकेत अशा रीतीने लसूणघासावरील मोझॅक विषाणूवर रेबीजच्या विषाणूचे तुकडे बसवून त्याची लागण पालकाला करण्यात आली. तो पालक स्वयंसेवकांनी खाल्ल्यावर त्यांपैकी काहींच्या रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय संशोधकांनी फिझॅलिस मॉटल या विषाणूच्या कवचावर लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे अंश बसवले, मात्र त्यांचा हेतू लस देण्याचा नसून रोगाच्या प्रतिपिंडांची तपासणी करण्याचा होता. दूधधंद्यावर संसार चालणाऱ्या तालुक्यांना हे कामही लहान वाटू नये.

तरीही प्रयोगशाळेतील यश आणि दंडावर टोचली जाणारी लस यांत बरेच अंतर असते. कॅनडाने 24 फेब्रुवारी 2022 रोजी तंबाखूच्या नातलग रोपात बनवलेली कोविफेंझ ही कोविड लस मंजूर केली (ती वनस्पतीविषाणूवर आधारलेली नव्हती, रोप हा तिचा कारखाना होता), पण उत्पादक मेडिकागो कंपनीत सिगारेट कंपनीची भागीदारी असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली नाही आणि 2023 मध्ये मालक कंपनीने मेडिकागोच बंद केली. चाचणीच्या कष्टांची कल्पना शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकला आहे: केईएम रुग्णालयाच्या तेथील संशोधन केंद्राने रोटाव्हॅक या रोटाव्हायरस लसीच्या चाचणीत भाग घेतला होता, आणि दिल्ली, पुणे व वेल्लोर मिळून 6,799 बालकांवर झालेल्या त्या चाचणीत रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र अतिसारापासून पहिल्या वर्षी सुमारे 56 टक्के संरक्षण आढळले. वनस्पतीविषाणूवर आधारलेल्या लसीलाही ही पायरी चुकणार नाही.

त्याआधी उत्पादनाचा प्रश्न उरतोच. उदाहरणार्थ, वाहक म्हणून चवळीवरील मोझॅक विषाणू निवडला, तर तो भुंगेऱ्यांमार्फत पसरतो, त्यामुळे जनुकीय बदल केलेला असा विषाणू वाढवायचा तर ती रोपे कीडरोधक बंदिस्त हरितगृहातच ठेवावी लागतील आणि भारतात त्यासाठी जनुकीय बदल केलेल्या जीवांविषयीच्या 1989 च्या नियमांखालील परवानगी घ्यावी लागेल.