हरलेल्या डावाचा आलेख

"सर, माहा हात लई हळू चालते, म्हणून मी हरतो. सोडून देऊ का खेळ?" गुरुकुंज मोझरीच्या नववीतल्या एका मुलाने मला विचारले. खेळ होता १९९९ साली आलेला 'एज ऑफ एम्पायर्स २'. बुद्धिबळात चाली आळीपाळीने होतात; संगणकावरच्या या खेळात दोघांचे डाव एकाच वेळी, न थांबता चालतात. मग चपळ हातच जिंकणार, नाही का? विद्यार्थी मित्रहो, उत्तर देण्याची घाई करू नका. आधी थोडे गणित करू.

सुरुवातीला प्रत्येकाकडे एक गावकेंद्र, तीन गावकरी आणि टेहळणीसाठी एक स्वार असतो. तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीता' लिहिली ती गाव उभे राहावे म्हणून. या खेळातही लढाईच्या आधी गाव उभे करावे लागते. ५० अन्न खर्च केले की गावकेंद्रातून २५ सेकंदांत नवा गावकरी तयार होतो आणि अन्न, लाकूड, सोने, दगड गोळा करू लागतो.

आता शाळेतला वेग-काल आलेख आठवा. उभ्या अक्षावर वेगाऐवजी गावकऱ्यांची संख्या मांडा. दर २५ सेकंदांनी एकाची भर, म्हणजे रेषा एकसमान त्वरणाप्रमाणे सरळ चढत जाते. वेगाच्या रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर; येथे ते म्हणजे जमवलेला माल.

समजा, तुमचे गावकेंद्र १२५ सेकंद रिकामे राहिले. पाच गावकरी कमी झाले. केंद्र पुन्हा सुरू झाले तरी तुमची रेषा प्रतिस्पर्ध्याच्या रेषेला समांतर, पण पाचने खालीच राहते. एक गावकरी मिनिटाला साधारण १८ अन्न आणतो असे धरू. पाच जणांचे ९०, दहा मिनिटांचे ९००. न खर्चलेले २५० अन्न तुमच्या हाती उरले, हे खरे. तरीही तोटा ६५० चा! आणि दोन रेषांमधले क्षेत्रफळ दर मिनिटाला वाढतच जाते. शेवटच्या लढाईत सैन्य अपुरे पडते ते यामुळे.

हाताच्या वेगाचे काय? २०१९ साली 'डीपमाइंड'च्या 'अल्फास्टार' या संगणक-प्रणालीने 'स्टारक्राफ्ट २' या अशाच खेळात ९९.८ टक्के मानांकित खेळाडूंना मागे टाकले. तिच्या चालींच्या वेगावर मर्यादा घातलेली होती. आणि तिचा पहिला धडा कोणता होता, ठाऊक आहे? माणसांनी खेळलेल्या डावांच्या नोंदी!

तशी नोंद तुमचा संगणकही ठेवू शकतो. आम्ही त्या मुलाचा हरलेला डाव पुन्हा पाहिला आणि केंद्र कधी व का थांबले ते वहीत लिहिले. केंद्र तीनदा थांबले होते. एकदा घर बांधायचे राहिले होते. एका घरात पाचच माणसे मावतात. एकदा अन्न संपले होते. एकदा तो दूरची चकमक पाहण्यात रंगला होता. तिन्हींपैकी एकही दोष हाताचा नव्हता!

पुढे काय करावे? प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच राशी बदलतो. तसेच येथे करा. आज फक्त घर वेळेवर बांधा, बाकी खेळ नेहमीसारखा. डाव थोडेच खेळा, पण प्रत्येकाची नोंद तपासा.

तो मुलगा पुढचा डावही हरला. मात्र या वेळी वहीत दोनच थांबे होते. "सर, आता अन्नाचं पाहतो," तो म्हणाला. खेळ सोडण्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.