आजीला आईल सीट द्या

आपल्या हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत आता एक प्रवास नेहमीचा झालाय. मुलगा किंवा मुलगी कॅनडा-अमेरिकेत असते, तिकडे बाळ होणार असतं, आणि साठी-सत्तरीचे आईवडील आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात ते एकदम चौदा-पंधरा तासांसाठी. तयारी जोरात असते: व्हिसा, लोकरीचे कपडे, मेतकूट, पेढे आणि मानेभोवती घालायची ती उशी. उशी वाईट नाही. पण माझ्या आजीला मावशीकडे टोरांटोला पाठवताना जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि ती परतल्यावर तिच्याकडून ऐकलं, त्यावरून माझं एक मत झालंय. लांबच्या विमानात आपल्या घरच्या माणसांना सगळ्यात जास्त छळतो तो संकोच.

आधी शरीराचं काय होतं ते बघू. विमान साधारण ३५,००० फुटांवरून जातं. तिथली हवा फार विरळ, म्हणून केबिनमध्ये दाब वाढवून ठेवतात, पण जमिनीवर असतो तेवढा नाही. बहुतेक विमानांत तो ८,००० फूट उंचीवर असेल इतका उतरू शकतो. बोईंग ७८७ सारख्या नव्या विमानांत ६,००० फुटांइतका. म्हणजे उटीहून थोडं उंच, किंवा नवं विमान असेल तर जवळजवळ आपल्या मुळ्ळय्यनगिरीच्या माथ्यावर, रात्रभर खुर्चीत बसून राहायचं. दाब कमी झाला की वायू प्रसरण पावतो (अकरावीच्या फिजिक्समधला बॉइलचा नियम, आर्ट्सवाल्यांनी विसरलेला). चिप्सचं पाकीट फुगतं तसंच पोटही फुगतं. म्हणून निघायच्या दिवशी छोले, राजमा, सोडा नको. आजीने पिशवीत कडक भाकरी घेतली होती, ती उत्तम.

कानाचं दुखणं बहुतेकदा उतरताना होतं. घशापासून कानाच्या आतल्या बाजूला जाणारी एक बारीक नळी असते. वर जाताना आतली हवा तिच्यातून सहज बाहेर पडते, पण खाली येताना बाहेरची हवा आत यायला ती नळी उघडावी लागते, आणि ती उघडते गिळताना किंवा जांभई देताना. झोपलेला माणूस कमी गिळतो. म्हणून विमान उतरायला लागलं की जागं व्हायचं आणि तोंडात लिमलेटची गोळी ठेवायची. सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना भेटायचं.

केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली. नाक, डोळे, ओठ सुकतात. जवळ व्हॅसलिन ठेवावं. नुसत्या या कोरडेपणाने शरीरातलं पाणी फार कमी होत नाही, पण आपली माणसं पाणी पिणंच बंद करतात, आणि का करतात ते पुढे येईलच.

आता पाय. उभं राहून चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात आणि पायातलं रक्त वर, हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास बसून राहिलं की हा पंप बंद पडतो. पाय सुजतात, चपला घट्ट होतात. ही सूज साधारण दुसऱ्या दिवशी उतरते. क्वचित मात्र आतल्या शिरेत रक्ताची गाठ होते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरायचं कारण नाही, कारण दुप्पट होऊनही तो सुमारे ६,००० प्रवाशांमागे एक एवढाच राहतो. पण नुकतंच ऑपरेशन झालंय, आधी कधी गाठ झालीय, कॅन्सर आहे, वजन जास्त आहे, गरोदरपण आहे किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. मुद्दाम बनवलेले घट्ट मोजे मिळतात, ते मापाचे हवेत. शेजारचे काका सांगतात म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये. बाकी उपाय फुकटचा आहे: बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करायचे आणि दर तास-दीड तासाने उठून चार पावलं चालायचं.

गंमत बघा. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे पहिलं परदेशी उड्डाण मुंबईहून लंडनला गेलं ते कैरो आणि जिनिव्हा करत. वाटेत दोन मुक्काम, पाय मोकळे करायला दोन संधी. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट बेंगळूरु गाठलं: सुमारे १४,००० किलोमीटर, साधारण १७ तास. वाटेत उतरणं नाहीच. आता पाय आपले आपणच मोकळे करायचे.

आणि इथेच अडतं. आजीला खिडकीची जागा मिळाली होती. घरातल्या सगळ्यांना वाटलं, वा, ढग दिसतील! दुबईहून टोरांटोपर्यंतच्या चौदा तासांत ती दोनदा उठली. कारण? शेजारचे दोघे झोपले होते. “परक्या माणसाला कसं उठवायचं गं? आणि म्हणायचं काय?” तिला मराठी, कोंकणी, कन्नड तिन्ही येतात, पण त्या रांगेत एकही चालली नाही. उठायला नको म्हणून ती पाणी प्यायली नाही. पाणी नाही, हालचाल नाही: पायांसाठी याहून वाईट काय असणार?

परतीच्या वेळी मावशीने आईल सीट घेतली, म्हणजे वाटेकडची. जागा निवडायचे पैसे वेगळे पडतात, पण माझं स्पष्ट मत आहे की उशी आणि नवी बॅग यांच्याआधी पैसे इथे घालावेत. मी घरून इंग्रजीत चार चिठ्ठ्या लिहून मावशीच्या फोनवर पाठवल्या: मला उठायचंय, मला पाणी हवंय, माझं जेवण शाकाहारी आहे, मला बरं वाटत नाही. (शाकाहारी किंवा मधुमेहाचं जेवण निदान २४ तास आधी सांगावं लागतं, आयत्या वेळी नाही मिळत.) घड्याळ बघून उठ म्हटलं तर आजी विसरली असती, म्हणून ठरलं की दोन जपमाळा संपल्या की एक फेरी. हे मात्र तिला एकदम पटलं.

दुसरा संकोच संडासाचा. यावर कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. बऱ्याच विमानांत ते दार मधोमध दुमडतं. मूठ शोधत बसायचं नाही, मध्यभागी ढकलायचं. आतून कडी सरकवली की दिवा पूर्ण लागतो. फ्लशचा आवाज भयंकर असतो, पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. आणि तिथे मग नसतो, कागद असतो. रिकामी प्लास्टिकची बाटली सिक्युरिटीत अडवत नाहीत. ती जवळ ठेवली की प्रश्न सुटतो. एवढं घरी बसून, व्हिडिओ दाखवून सांगितलं की आज्या पाणी प्यायला लागतात.

व्हीलचेअरचंही सांगते. गुडघे दुखतात त्यांनी ती तिकिटासोबतच मागावी, लाजू नये. पण केवळ इंग्रजीची भीती म्हणून चालत्या माणसाला व्हीलचेअरवर बसवलं तर दोन विमानांच्या मधे जे चालणं होणार, तेही जातं. काही विमान कंपन्या सोबतीला माणूस देतात, त्याची चौकशी आधी करा.

आपल्याकडून निघणाऱ्यांचा प्रवास बेंगळूरुला सुरू होत नाही हेही लक्षात असू द्या. धारवाड-हुबळीहून रात्रीची गाडी, मग मॅजेस्टिकपासून देवनहळ्ळीपर्यंत टॅक्सी, मग तीन तास रांगा. म्हातारं माणूस विमानात बसतं तेव्हाच एक रात्र जागलेलं असतं. जमलं तर एक दिवस आधी जाऊन नातेवाइकांकडे झोपावं. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. टोरांटोचं घड्याळ आपल्यामागे साडेनऊ-साडेदहा तास, तेव्हा गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. झोपेचं चक्र बसायला आठवडाभर सहज लागतो, तोवर सकाळच्या उन्हात बसवायचं आणि नायगारा पुढच्या शनिवारी ठेवायचा.

पोचल्यावर फोन करून “पाय कसे आहेत?” विचारलं तर आजी “बरे आहेत” एवढंच म्हणणार. त्यापेक्षा विचारा, “दोन्ही पोटऱ्या सारख्याच दिसतात ना?” एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, किंवा अचानक दम लागतोय, छातीत दुखतंय, तर लगेच हॉस्पिटल, आणि तिथे पहिलं वाक्य हे की लांबच्या विमानातून आलोय. हे पुढचे काही आठवडे विचारत राहायचं, कारण गाठ कधी कधी उशिरा दिसते.