फ्रेम लांबीत की रुंदीत? जहाजाच्या सांगाड्यामागचं गणित

नेव्हल आर्किटेक्चर किंवा स्ट्रक्चर्समध्ये पीएचडी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना हलचे भाग सहसा पाठ असतात : कील, फ्लोअर, गर्डर, फ्रेम, बीम, बल्कहेड. चित्र दाखवलं की नावं पटापट सांगतात. पण ‘हा स्टिफनर याच दिशेने का धावतोय?’ असं विचारलं की गाडी अडते. संशोधनात मात्र नावांपेक्षा हा प्रश्न जास्त कामाला येतो, म्हणून आज तोच घेऊ.

आधी भार समजून घेऊ. जहाज म्हणजे पाण्यावर ठेवलेली एक लांबलचक पोकळ तुळई. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की दोन्ही टोकं खाली झुकतात. याला हॉगिंग म्हणतात. यात डेक ताणला जातो आणि तळ लांबीच्या दिशेने दाबला जातो. माथे दोन्ही टोकांना आणि खळगा मध्ये आला की उलटं होतं, ते सॅगिंग. जहाज जितकं लांब, तितकं हे वाकणं जास्त महत्त्वाचं. शिवाय बाहेरून पाण्याचा दाब असतोच. तो प्लेटवर पडतो, प्लेटकडून स्टिफनरकडे, तिथून मोठ्या वेब फ्रेमकडे किंवा गर्डरकडे आणि शेवटी बल्कहेड व बाजूच्या भिंतींकडे जातो. भाराचा हा प्रवास डोळ्यांसमोर असला की प्रत्येक भागाचं काम आपोआप कळतं.

आता सांगाड्याच्या दोन पद्धती. ट्रान्सव्हर्स पद्धतीत जवळजवळ बसवलेल्या फ्रेम जहाजाच्या रुंदीत, बरगड्यांसारख्या असतात. लाकडी जहाजांपासून आलेली ही पद्धत लोखंडी जहाजांतही बराच काळ टिकली. लॉन्जिट्यूडिनल पद्धतीत लहान स्टिफनर जहाजाच्या लांबीत धावतात आणि त्यांना आधार द्यायला काही मीटर अंतरावर खोल, आडव्या वेब फ्रेम असतात. म्हणजे दुसऱ्या पद्धतीतही आडव्या फ्रेम जात नाहीत. त्या संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होतात, एवढंच.

दिशा बदलल्याने इतका फरक का पडतो? ऑनलाइन खरेदीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. आतल्या नळ्यांच्या दिशेने दाबला तर तो टिकतो, नळ्यांच्या आडव्या दिशेने दाबला की लगेच दुमडतो. आता हेच आकड्यांत पाहू. १२ मिमी जाडीची, ७०० मिमी रुंद आणि २८०० मिमी लांब पोलादी प्लेट घ्या, चारही कडा साध्या आधारावर. प्लेटची लांब बाजू जहाजाच्या लांबीत ठेवली (लॉन्जिट्यूडिनल), तर हॉगिंगचं कॉम्प्रेशन लांब बाजूच्या दिशेने येतं. तेव्हा प्लेट अनेक छोट्या, जवळपास चौरस लाटांमध्ये वाकायला बघते आणि प्रत्येक लाटेला बाजूच्या कडा धरून ठेवतात. इलॅस्टिक बकलिंग स्ट्रेस येतो सुमारे २१९ मेगापास्कल. तीच प्लेट आडवी ठेवली (ट्रान्सव्हर्स), तर कॉम्प्रेशन आखूड बाजूच्या दिशेने येतं, सगळी प्लेट एकाच लांब घडीत वाकते आणि आकडा उतरतो सुमारे ६२ मेगापास्कलवर.

साध्या जहाजी पोलादाचा यील्ड स्ट्रेस २३५ मेगापास्कल असतो. २१९ हा आकडा त्याच्या फार जवळ असल्याने प्लॅस्टिसिटीची दुरुस्ती करावी लागते. जॉन्सन-ऑस्टेनफेल्ड सूत्राने तो १७२ च्या आसपास येतो. तरीही पावणेतीन पट फायदा! जाडी तीच, पोलाद तेच, स्टिफनरमधलं अंतरही तेच, फक्त दिशा वेगळी.

इतकं सोपं होतं तर हे लवकर का नाही झालं? झालं होतं. १८५८ साली पाण्यात उतरलेल्या ‘ग्रेट ईस्टर्न’मध्ये ब्रुनेल आणि स्कॉट रसेल यांनी लांबीच्या दिशेचा सांगाडा आणि दुहेरी तळ वापरला होता. पण पद्धत रूढ व्हायला जोसेफ इशरवुड यावे लागले. त्यांनी १९०६ मध्ये पेटंट घेतलं आणि १९०८ मध्ये ‘पॉल पे’ हा टँकर या पद्धतीने बांधला गेला. सुरुवात टँकरने व्हावी यातही अर्थ आहे. खोल वेब फ्रेम होल्डमध्ये जागा खातात, पेट्या आणि गाठोडी रचताना आड येतात. तेलाला त्याचं काही वाटत नाही, ते वाट काढून भरतंच.

म्हणूनच आजही एकच उत्तर सगळीकडे चालत नाही. लहान जहाजात हॉगिंग-सॅगिंग सौम्य असतं, तिथे ट्रान्सव्हर्स पद्धत सोपी आणि पुरेशी पडते. एकेरी बाजूच्या बल्क कॅरियरमध्ये तळ आणि डेक लॉन्जिट्यूडिनल, पण होल्डच्या बाजू ट्रान्सव्हर्स अशी मिश्र रचना असते. बाजूच्या भिंतीचा बराच भाग तुळईच्या न्यूट्रल अॅक्सिसजवळ असतो, तिथे वाकण्याचा स्ट्रेस कमी असतो.

मग विषय संपला का? नाही, संशोधन इथूनच सुरू होतं. १७ जून २०१३ रोजी ‘एमओएल कम्फर्ट’ हे ३१६ मीटर लांबीचं कंटेनर जहाज सिंगापूरहून जेद्दाला जाताना येमेनच्या किनाऱ्यापासून दूर, हिंदी महासागरात मधोमध मोडलं. २६ जणांचा चमू वाचला, पण जहाजाचे दोन्ही तुकडे पुढच्या काही आठवड्यांत बुडाले. त्याचा तळ लॉन्जिट्यूडिनल पद्धतीचाच होता. चौकशीत लक्ष गेलं ते तळाच्या प्लेटच्या बकलिंगकडे. त्याच घडणीच्या इतर जहाजांच्या तळातही प्लेट सुमारे २० मिमीपर्यंत आतबाहेर झालेल्या आढळल्या.

कंटेनर जहाज बहुतेक वेळ हॉगिंगमध्येच असतं, म्हणजे तळ लांबीत सतत दाबलेला. त्यात खालून पाण्याचा दाब दुहेरी तळाला वर ढकलतो आणि तळाच्या प्लेटमध्ये रुंदीच्या दिशेनेही कॉम्प्रेशन येतं. आपण वर जी दिशा ‘मजबूत’ म्हणून निवडली, त्याच प्लेटला आता कमकुवत दिशेनेही दाब बसतोय! दोन्ही एकत्र आले की अंतिम ताकद वेगवेगळ्या हिशोबात दिसते त्यापेक्षा कमी भरते. २०१५ मध्ये वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएसीएसने, कंटेनर जहाजांसाठी नवे नियम आणले. त्यांत बाजूने येणाऱ्या या भारांचाही विचार आला.

तेव्हा एखादा पेपर वाचताना किंवा स्वतःचं मॉडेल उभं करताना सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक साधी सवय लावा. कागदावर एकच प्लेट काढा. तिच्या चारही कडांवर कोणत्या बाजूने कॉम्प्रेशन येतंय ते बाणांनी दाखवा, वर पाण्याचा दाब दाखवा, आणि मग विचारा : हे सगळं एकाच वेळी येऊ शकतं का? लेखकांनी यातला एखादा बाण वगळला असेल, तर तो का वगळला याचं कारण पेपरमध्ये शोधा. कारण सापडलं नाही, तर तुमच्या रिसर्च प्रपोजलचा पहिला परिच्छेद कदाचित तिथेच आहे.