थिएटर गार आहे, पण हवा स्वच्छ आहे का?

मंडळी, बिरवाडी म्हणजे महाड एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांचा शेजार, त्यात कोकणचा पावसाळा. इथे ऑपरेशन थिएटरची खिडकी उघडून भागत नाही. धूळ, वास, दमटपणा सगळंच आत येतं. मग खिडक्या बंद करून आपण स्प्लिट एसी लावतो. पण तो खोलीतलीच हवा गार करून फिरवत राहतो. आत वावरणाऱ्या माणसांच्या त्वचेचे सूक्ष्म कण जंतूंसह तरंगतात आणि उघड्या जखमेवर बसतात.

म्हणून रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचचा निकष असा, की हवा तासाला किमान २० वेळा बदलावी, त्यांपैकी ४ वेळा बाहेरच्या ताज्या हवेने. ही हवा हेपा फिल्टरमधून गाळून छतातून टेबलावर सोडतात. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. आतला दाबही बाहेरपेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दाराच्या फटीतून हवा बाहेरच जाते.

हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. बाहेर उभं राहून बंद दाराच्या फटीशी टिश्यूची पट्टी धरायची. ती बाहेरच्या बाजूला उडाली तर ठीक. आत ओढली गेली, तर कॉरिडॉरची हवा जखमेपर्यंत पोचतेय. आणि शस्त्रक्रिया चालू असताना आपणच सारखं दार उघडत राहिलो, तर हा दाब टिकणार कसा?