हलाल गाडीवरचा जाहीरनामा

गेल्या वर्षी अमेरिकेत पहिला रोजा १ मार्चला होता. नेमक्या त्याच दिवशी न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी शहराच्या महापौरपदासाठी उमेदवारी जाहीर केली. नाव मोठे, घराणे मोठे, देणगीदारांची रांगही मोठी. त्यांच्यासमोर असलेल्या उमेदवारांच्या गर्दीत क्वीन्स भागातला तेहेतीस वर्षांचा एक आमदार होता. फेब्रुवारीतल्या एका पाहणीत त्याला जेमतेम एक टक्का पसंती मिळाली होती. रमजानभर तो रोजे ठेवून प्रचार करत राहिला. भुयारी रेल्वेच्या डब्यात बसून बरिटो, म्हणजे मेक्सिकन पद्धतीची सारण भरून गुंडाळलेली पोळी, खात रोजा सोडतानाचे त्याचे छायाचित्र तेव्हा बरेच फिरले. काट्याचमच्याने खातो म्हणून लोकांनी त्याची थट्टाही केली.

हा उमेदवार म्हणजे जोहरान ममदानी. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते निवडून आले आणि १ जानेवारी २०२६ ला कुराणावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. न्यूयॉर्कचे पहिले मुस्लिम महापौर. आपल्याकडे त्या बातमीवर जल्लोष झाला आणि चिखलफेकही झाली. ती विजयाची बातमी आता जुनी झाली. तो उमेदवार असताना आपल्या समाजाच्या प्रश्नांवर काय बोलत होता, हे मात्र नीट पाहण्यासारखे आहे, कारण उमेदवार कसा असावा याचा आपला अनुभव फार वेगळा आहे.

थोडी ओळख आधी. ममदानींचा जन्म १९९१ चा, युगांडातल्या कंपालाचा. वडील महमूद ममदानी हे मोठे अभ्यासक, गुजराती खोजा कुटुंबातले; त्यांचा जन्म १९४६ मध्ये आपल्या मुंबईत झाला. आई म्हणजे ‘सलाम बॉम्बे’ची दिग्दर्शिका मीरा नायर. जोहरान सात वर्षांचे असताना हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. राजकारणात येण्यापूर्वी ते कर्ज थकल्यामुळे घर जाण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबांना सल्ला देण्याची नोकरी करत. २०२० मध्ये ते राज्याच्या विधानसभेवर निवडून गेले. २०२१ मध्ये टॅक्सीचालक परवान्याच्या कर्जात बुडाले होते. त्यांनी महापालिकेच्या मुख्यालयाबाहेर उपोषण केले. पंधरा दिवस चाललेल्या त्या उपोषणात हा आमदारही बसला. शेवटी शहराला कर्जसवलत मान्य करावी लागली. न्यूयॉर्कची टॅक्सी कोण चालवतो? पंजाबी, बांगलादेशी, पाकिस्तानी, आफ्रिकी. म्हणजे त्या उपोषणात समाजाचा प्रश्न होताच, पण मागणीच्या कागदावर कुठेही समाजाचे नाव नव्हते. ममदानींच्या पुढच्या सगळ्या प्रचाराचा धागा मला इथे दिसतो.

आता हलाल गाडीची गोष्ट. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हलाल खाण्याच्या गाड्या लागतात. भात, त्यावर चिकन, वर पांढरी चटणी. टॅक्सीवाल्यापासून कचेरीतल्या बाबूपर्यंत सगळे तिथे जेवतात. जानेवारी २०२५ मध्ये ममदानींनी या गाड्यांवर एक छोटी चित्रफीत केली. प्रश्न साधा होता: आठ डॉलरची थाळी दहा डॉलरची का झाली? मग ते एकेका गाडीवाल्याला विचारत गेले. उत्तर असे निघाले की गाडीचा परवाना महापालिका सुमारे ४०० डॉलरला देते. पण परवान्यांची संख्या बांधलेली, प्रतीक्षायादी प्रचंड. म्हणून गाडीवाला ज्याच्याकडे जुना परवाना आहे त्याच्याकडून तो भाड्याने घेतो आणि त्यासाठी वीस-बावीस हजार डॉलरपर्यंत मोजतो. हे भाडे थाळीतून वसूल होते. शहराच्या कौन्सिलपुढे पडून असलेली चार विधेयके मंजूर करा, थाळी पुन्हा आठ डॉलरला येईल, असे ते म्हणाले. अट्टल राजकारण्याने इथे हलाल या शब्दावर भाषण ठोकले असते. यांनी परवान्याचे गणित मांडले.

त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, ट्रम्प निवडून आल्यावर हेच गृहस्थ माईक घेऊन ब्राँक्समधल्या फोर्डहॅम रोडवर आणि क्वीन्समधल्या हिलसाइड अव्हेन्यूवर उभे राहिले होते. कुणाला मत दिलेत आणि का, एवढेच विचारत होते. लोक सांगत होते, भाडे परवडत नाही, किराणा महागला, गाझातल्या युद्धाला पैसा जातो म्हणून मतच दिले नाही. ऐकून झाल्यावर ते विचारत: भाडेवाढ रोखणारा, बस मोफत करणारा उमेदवार असला तर? जाहीरनामा या उत्तरांशीच जुळणारा होता. शहरातल्या सुमारे दहा लाख नियंत्रित भाड्याच्या घरांची भाडेवाढ थांबवायची, बस वेगवान आणि मोफत करायच्या, सहा आठवड्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मोफत पाळणाघरे, प्रत्येक बरोमध्ये एक सरकारी किराणा दुकान, २०३० पर्यंत किमान वेतन ताशी ३० डॉलर. यात मशीद नाही, कब्रस्तान नाही, शिष्टमंडळाची भेट नाही. तरी मशिदींत तो चालला. सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सहा जणांचा संसार करणाऱ्या आईला भाडेवाढ थांबण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

प्रचार तिच्या भाषेतही होता. हिंदी-उर्दू मिसळून बोलत, अमिताभ आणि शाहरुखच्या सिनेमांचे तुकडे टाकत, लस्सीचे पेले मांडून त्यांनी पसंतिक्रमाने मत कसे द्यायचे ते शिकवले. बांगलातही एक चित्रफीत निघाली.

पण हा माणूस धर्म बाजूला ठेवून लढला, असे कुणी समजू नये. ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्क पोलिसांनी मुस्लिम वस्त्या, मशिदी, चहाची दुकाने, विद्यार्थ्यांच्या संघटना यांवर पाळत ठेवली होती. २०११ मध्ये ते वृत्तसंस्थेने उघड केले आणि २०१४ मध्ये तो विभाग बंद झाला. तिथल्या एका पूर्ण पिढीने नाव हळू सांगायला शिकण्यात तारुण्य घालवले. त्यात गेल्या वर्षी ८ मार्चला, ऐन रमजानात, कोलंबिया विद्यापीठातल्या पॅलेस्टिनी आंदोलनातला महमूद खलील इफ्तारहून पत्नीसोबत घरी परतत असताना त्याला अटक झाली. पत्नी आठ महिन्यांची गरोदर. काही दिवसांनी ट्रम्प यांचे सीमाधिकारी टॉम होमन राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत आले तेव्हा पोलिसांच्या कड्याला रेटत ममदानींनी त्यांना ओरडून विचारले की भाषणस्वातंत्र्य मानता की नाही. सल्लागारांनी असे वागायला कुठल्याही उमेदवाराला बंदीच केली असती.

मतदानाच्या अकरा दिवस आधी, शुक्रवारी, ब्राँक्समधल्या एका इस्लामी केंद्राबाहेर उभे राहून ते बोलले. ११ सप्टेंबरनंतर हिजाबमध्ये सुरक्षित वाटत नाही म्हणून आपल्या एका फुफीने रेल्वेने जाणे सोडले, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. राजकारणात शिरताना एका काकांनी प्रेमाने दिलेला सल्लाही त्यांनी सांगितला: आपण मुसलमान आहोत हे सगळ्यांना सांगत बसू नकोस. आता तसे लपून राहणार नाही, असे ते म्हणाले. विरोधकांनी ती फुफी सख्खी की चुलत यावर वाद घातला! वडिलांच्या चुलत बहिणीला फुफीच म्हणतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

त्यांची सगळी मते सगळ्या मुसलमानांना पटणारी नव्हती. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांबाबत ते ठाम आणि उघड आहेत. अनेक धार्मिक मंडळींना ते रुचणारे नाही. कुटुंब इस्ना अशरी शिया, मतदार बहुतेक सुन्नी. इस्रायलच्या धोरणाविरुद्धची त्यांची भूमिका ज्यू मतदारांत दुफळी पाडून गेली; काहींना भीती वाटली, तर शहराचे तेव्हाचे हिशेबतपासनीस ब्रॅड लँडर यांनी, जे स्वतः ज्यू आहेत, प्राथमिक फेरीत एकमेकांना दुसरी पसंती देण्याचा समझोता त्यांच्याशी केला. पोलिसांविषयीची २०२० मधली आपली कडक विधाने ममदानींना मागे घ्यावी लागली, माफीही मागावी लागली. जुलै २०२५ मध्ये मॅनहॅटनमधल्या गोळीबारात बांगलादेशातून आलेला एक पोलीस मारला गेला. ज्या समाजावर पोलिसांनी पाळत ठेवली, त्याच समाजातला तो मुलगा. ममदानी परदेशातून परतताच थेट त्या कुटुंबाच्या घरी गेले. ज्या प्रश्नावर घोषणा अपुरी पडते, तिथे त्यांनी घोषणा दिली नाही, हे मला विशेष वाटते.

आता थोडे आपले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षे वॉर्डात दार ठोठावायला नगरसेवकच नव्हता. एवढ्या काळात साचलेले प्रश्न थोडे नव्हते. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचचे दहा रुपये झाले. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा, पण मोहम्मद अली रोडवर रमजानात मालपुवा, फिरनी, शीग विकणाऱ्याच्या डोक्यावरची गाडी उचलली जाण्याची टांगती तलवार आजही आहे. गोवंडी, मानखुर्दच्या शेजारी देवनारचा कचरा डोंगर झाला आहे, तो १९२७ पासूनचा. आडनाव ऐकून भाड्याचे घर नाकारले जाते, हा तर प्रत्येक घरातला किस्सा. यातला एकही प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही, आणि एकही असा नाही की ज्याचा मुसलमानांना जास्त चटका बसत नाही.

आणि उमेदवार काय घेऊन येतात? रमजान असला तर खजुराचे खोके, जाळीची टोपी आणि इफ्तारच्या दस्तरखानावरचे छायाचित्र. एका बाजूचा उमेदवार आपल्याला घाबरवून मत मागतो, दुसरा आपले नाव घेऊन इतरांना घाबरवतो. दोष त्यांचाच कशाला म्हणावा? मशिदीच्या कमिटीने उमेदवाराला फेरीवाला समितीची बैठक कधी झाली, असे विचारल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही. कब्रस्तानाच्या भिंतीला रंग मिळाला की सभा संपते. दोन शहरांची तुलना सरळ होत नाही, हेही खरे. न्यूयॉर्कचा महापौर लोक थेट निवडतात आणि अंदाजपत्रक त्याच्या हाती असते. मुंबईत खरी सत्ता आयुक्ताकडे आणि मंत्रालयात.

तिथेही सगळे महापौराच्या मुठीत नाही. भाडे ठरवणाऱ्या नऊ सदस्यांच्या मंडळाची नेमणूक तो करतो, त्यामुळे भाडेवाढ रोखणे शक्यतेतले आहे. २०१५, २०१६ आणि २०२० मध्ये ती रोखली गेलीही होती. बस मात्र राज्याच्या महामंडळाच्या. श्रीमंतांवरचा वाढीव कर ऑल्बनीतल्या विधिमंडळाशिवाय लागू होत नाही. घरमालक म्हणतात, भाडे गोठवले तर दुरुस्ती कोण करणार? हा प्रश्न खोटा नाही; आपल्याकडे पागडीच्या चाळींत त्याचे उत्तर गळक्या छतातून टपकते. नव्या महापौराला तोही सोडवावा लागेल.

आमच्या कोकणातली, मराठवाड्यातली बरीच कुटुंबे आता अमेरिकेत आहेत. ईदला त्यांना फोन कराल तेव्हा शिरखुर्म्याची चौकशी झाल्यावर एवढे विचारा: कोपऱ्यावरच्या गाडीवरची थाळी अजून दहाचीच आहे, की आठची झाली?